सिव्हिलची पदवी : चार वर्षांचं नेटवर्क आधीच काढून ठेवा

प्रवेश पक्का झाला की अभ्यासक्रमाची एक पीडीएफ हातात पडते. आठ सत्रं, आठ तक्ते, प्रत्येक तक्त्यात पाच-सात विषय. बहुतेक मुलं पहिला तक्ता बघतात, ‘फिजिक्स इथंही आहेच का’ म्हणून कपाळाला हात लावतात आणि फाइल बंद करतात. मीही तेच केलं होतं. उरलेले सात तक्ते ते ते सत्र तोंडावर आल्यावरच उघडले. तिसऱ्या सत्रात माझा स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स राहिला. म्हटलं, एकच तर विषय आहे, पुढच्या वेळी काढू. पण तो आमच्याकडे वर्षातून एकदाच शिकवला जायचा. तो सुटल्याशिवाय स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसला नाव घालता येत नव्हतं आणि अ‍ॅनालिसिसशिवाय आरसीसी (सळया घातलेल्या काँक्रीटच्या) डिझाइनला. एका विषयानं अख्खं वर्ष खाल्लं. त्याच सत्रात शेजारच्या बाकावरच्या मित्राचा पर्यावरणशास्त्राचा पेपर गेला होता. त्याचं काहीही बिघडलं नाही, सवडीनं त्यानं तो सातव्या सत्रात काढून टाकला.

कागदावर दोन्ही विषय सारख्याच क्रेडिटचे होते. एक राहिला तर वर्ष जातं आणि दुसरा राहिला तर नुसता वैताग होतो, हे त्या पीडीएफमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं. ते स्वतः शोधून काढावं लागतं, कुठला विषय कुठल्यावर टेकलाय याचा नकाशा, म्हणजेच नेटवर्क, काढून, आणि त्याला लागते एक मोठी कोरी शीट, एक पेन्सिल आणि एक मोकळी दुपार.

पायरी १ : सिव्हिलमध्ये काय काय आहे ते पाहून घ्या, निवड मात्र करू नका

सिव्हिल म्हणजे इमारती, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. मुळात त्या नावाचा अर्थ ‘लष्करी नसलेलं’ इतकाच. रस्ते, पूल, तटबंद्या ही एके काळी सैन्यातल्या इंजिनिअरांची कामं होती. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवू लागला, कारण त्याची दीपगृहं, कालवे आणि पूल नागरी वापरासाठी होते. त्यामुळं लष्कराबाहेरचं बरंच काही या एका नावाखाली आलं. पुढं यंत्रं, वीज, रसायनं आपापला संसार थाटून वेगळी झाली, तरी आजही या पदवीत सहा-सात धंदे एकत्र नांदतात : स्ट्रक्चर, माती आणि पाया, पाण्याचं काम म्हणजे नद्या-धरणं-कालवे, पाणी शुद्धीकरण आणि सांडपाणी, रस्ते-रेल्वे-वाहतूक, सर्वेक्षण, आणि बांधकामाचं व्यवस्थापन.

यातलं एक आत्ताच पकडून बसू नका. पहिली दोन वर्षं जवळपास सगळं सामाईकच असतं. शिवाय आवड कुठं बसेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. उंच इमारती करायच्या म्हणून आलेला माणूस मातीच्या लॅबमध्ये रमतो, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. सध्या फक्त एवढं बघा, की आपल्या अभ्यासक्रमात या साती बाजूंचे निदान एकेक-दोन विषय आहेत का, आणि नसतील तर कुठली बाजू लंगडी आहे.

पायरी २ : कॉलेज ठरवताना विचारायचे प्रश्न

प्रवेश आधीच झाला असेल तर ही पायरी ओलांडा. झाला नसेल तर इमारत आणि वसतिगृहापेक्षा खालच्या गोष्टी विचारा.

पहिली म्हणजे मान्यता. ती विद्यापीठाला आहे का, एवढं विचारून भागत नाही. सिव्हिलच्या याच पदवीक्रमाला आहे का, आणि तुम्ही बाहेर पडाल त्या वर्षापर्यंत टिकणार आहे का, ते बघायचं. १९८९ साली झालेल्या वॉशिंग्टन करारानुसार सदस्य देशांच्या मान्यता-संस्था एकमेकींनी मान्य केलेले पदवीक्रम समकक्ष मानतात. पुढं परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं म्हटलं तर ही एक ओळ फार कामाला येते. मात्र तो करार अभियांत्रिकीच्या पदवीबद्दल आहे, कामाच्या परवान्याबद्दल नाही. नकाशावर सही करायचा अधिकार बहुतेक देशांत पदवीनंतर काही वर्षांचा अनुभव आणि त्यापुढं परीक्षा किंवा मुलाखत दिल्यावरच मिळतो.

दुसरी, पदवीची लांबी. बऱ्याच ठिकाणी चार वर्षं. १९९९च्या बोलोन्या प्रक्रियेनंतर युरोपातल्या अनेक देशांत तीन वर्षं पदवी आणि त्यावर दोन वर्षं मास्टर्स अशी मांडणी आहे. तिथं डिझाइनचे खरे जड विषय मास्टर्सला जातात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीवर थांबायचं असेल तर हातात काय उरतं ते आधी बघावं.

तिसरी, लॅब. युनिव्हर्सल टेस्टिंग मशिन (नमुने ताणून-दाबून ताकद मोजणारं) आहे का, हे विचारू नका, ते असतंच. शेवटचं कधी चालवलं, ते विचारा. टोटल स्टेशन (सर्वेक्षणात कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) एकूण किती आणि एका गटात किती मुलं, हेही विचारा. बाराजणांच्या गटात दोघं दुर्बिणीला डोळा लावतात आणि दहा जण सावली शोधतात.

पायरी ३ : नेटवर्क काढा

हे या सगळ्यातलं मुख्य काम. १९५०च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या माणसांनी मोठ्या प्रकल्पांचं वेळापत्रक आखायची एक रीत बसवली, क्रिटिकल पाथ मेथड. बांधकाम व्यवस्थापनाच्या पेपरात तुम्हाला ती शिकवतीलच, पण तोपर्यंत चार वर्षं सरत आलेली असतात. म्हणून पहिल्याच सत्रात ती स्वतःच्या पदवीवर वापरून टाका.

शीट आडवी धरा. आठ उभे रकाने पाडा, प्रत्येक रकाना एक सत्र. प्रत्येक विषय ज्या सत्रात आहे तिथं त्याचा चौकोन काढा. आता पीडीएफमधला प्रत्येक विषयाचा ‘पूर्वअट’ किंवा ‘प्रीरिक्विझिट’ हा रकाना वाचा आणि आधीच्या विषयाकडून नंतरच्या विषयाकडं बाण ओढा. पूर्वअट लिहिलेली नसेल तरी थांबू नका. विषयाचं पहिलं प्रकरण उघडून बघा, की ते काय गृहीत धरतं. तो बाण तुटक रेषेनं काढा. कार्यालय तुटक बाण विचारत नाही, पण परीक्षेत तोच बाण नडतो.

तासाभरात चार साखळ्या दिसायला लागतील. सगळ्यात लांब साखळी स्ट्रक्चरची : मेकॅनिक्स, मग स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, मग स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस, बहुधा दोन भागांत, मग आरसीसी, मग स्टील, मग भूकंपरोधक किंवा प्रीस्ट्रेस्ड असा एखादा ऐच्छिक आणि शेवटी त्यावरचा प्रकल्प. पहिल्या सत्रापासून आठव्यापर्यंत मध्ये एकही मोकळा रकाना नाही. दुसरी साखळी पाण्याची : गणित, फ्लुइड मेकॅनिक्स, हायड्रॉलिक्स, जलविज्ञान, जलसिंचन किंवा पाणीपुरवठा. तिसरी मातीची : भूशास्त्र आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स इथून सॉइल मेकॅनिक्स, तिथून फाउंडेशन. चौथी सर्वेक्षण ते हायवे. तिच्यात बाण कमी आणि श्वास घ्यायला जागा जास्त.

आता प्रत्येक चौकोनाखाली एक आकडा लिहा : हा विषय किती सत्रं मागं ढकलला तर शेवटची तारीख हलत नाही? प्रकल्पांच्या भाषेत याला फ्लोट म्हणतात. अर्थशास्त्र, पर्यावरणशास्त्र, संवादकौशल्य यांचा फ्लोट चार-पाच सत्रांचा निघतो. मेकॅनिक्सचा शून्य. शून्यवाल्यांना लाल पेन्सिलीनं गोल करा. माझ्या अंदाजानं सात-आठ लाल गोल होतील, आणि चार वर्षांतली सगळी जास्तीची मेहनत, शंका विचारायला लागणारा धीटपणा आणि रात्रीची जागरणं या सात-आठांसाठी राखून ठेवायची.

अजून एक खूण राहिली. वर्षातून एकदाच शिकवल्या जाणाऱ्या विषयांवर फुली मारा. लाल गोलात फुली आली, तर तो विषय राहिल्यास सत्र नाही, थेट वर्ष जातं. माझ्या कहाणीत नेमकं तेच झालं होतं.

पायरी ४ : पहिलं वर्ष. गणित कशासाठी, ते एका बीमवर पाहा

पहिल्या वर्षाला मुलं ‘अजून सिव्हिल सुरूच झालं नाही’ म्हणतात आणि रेटून नेतात. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

एक साधा बीम म्हणजे आडवी तुळई घ्या, दोन टेकूंवर ठेवलेला, ४ मीटर लांब, त्यावर दर मीटरला १० किलोन्यूटन भार. एकूण ४०, म्हणजे प्रत्येक टेकूवर २०. मधोमध बीम कापलाय असं समजा आणि डावा अर्धा भाग एकटा कागदावर काढा. टेकू वर ढकलतोय, त्याचा मोमेंट (जोर गुणिले अंतर, म्हणजे वळवण्याची ताकद) २० गुणिले २, म्हणजे ४०. अर्ध्या बीमवरचा २० किलोन्यूटन भार खाली दाबतोय, मधापासून १ मीटरवर, त्याचा मोमेंट २०. वजाबाकी २० किलोन्यूटन-मीटर. हा झाला बेंडिंग मोमेंट. आता तोच भार ठेवून लांबी ८ मीटर करा. मोमेंट दुप्पट नाही, चौपट होतो, ८०. आणि वाक? बीमचा छेद तोच ठेवला तर सोळापट. लांबीचा चौथा घात.

तो चौथा घात येतो कुठून, हे कळलं की पहिल्या वर्षाचं गणित वाया गेलं असं वाटत नाही. भाराचं इंटिग्रेशन केलं की शिअर (बीमला आडवा कापू पाहणारा जोर), शिअरचं केलं की मोमेंट, मोमेंटला बीमच्या ताठरपणानं भागून इंटिग्रेशन केलं की उतार, आणि उताराचं केलं की वाक. ज्याला इंटिग्रेशन जमत नाही तो एसएफडी-बीएमडी, म्हणजे शिअर आणि मोमेंटचे आलेख, पाठ करतो, आणि परीक्षेत टेकू जरा सरकवला की पाठांतर गळून पडतं.

वर केलं ती कृती, एक तुकडा वेगळा काढून त्यावरचे सगळे जोर दाखवणं, तिला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. पहिल्या सत्रात ती बालिश वाटते. १७ जुलै १९८१ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हायट रीजन्सी हॉटेलात दोन लटकते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छताला टांगलेली एकच सलग सळई वरच्या पुलातून आरपार जाऊन खालच्या पुलाला धरणार होती. जुळवणी सोपी व्हावी म्हणून एकीच्या दोन सळया केल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलाच्या बीमपासून खालच्या पुलापर्यंत. झालं एवढंच, की वरच्या बीमखालच्या नटवर आधी फक्त वरच्या पुलाचा भार येणार होता, तो आता दोन्ही पुलांचा आला. त्या नटचा फ्री बॉडी डायग्राम काढायला पहिल्या सत्राच्या मुलाला दोन मिनिटं लागतात. चौकशीत निघालं, की मूळ जोडसुद्धा नियमात बसेल इतका मजबूत नव्हता, आणि बदललेला तर कुणी नीट तपासलाच नव्हता.

तेव्हा पहिल्या वर्षाचा आराखडा सोपा आहे : मेकॅनिक्स आणि गणित, बाकीचं पास होण्यापुरतं. ड्रॉइंगमध्ये हात बसवा, कारण पुढं सॉफ्टवेअर रेषा काढून देईल, पण प्लॅन आणि सेक्शन डोळ्यांपुढं उभा करून देणार नाही.

पायरी ५ : दुसरं वर्ष. गर्दी आधीच पसरून ठेवा

तिसरं आणि चौथं सत्र सगळ्यात दाटीचं. स्ट्रेंग्थ, फ्लुइड, सर्व्हे, बिल्डिंग मटेरिअल्स, गणिताचा उरलेला भाग, आणि प्रत्येकाची लॅब, जर्नल, व्हायवा. लॅबचे क्रेडिट कमी असतात पण वेळ ती क्रेडिटच्या मानानं जास्त खाते. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, घरचा अभ्यास धरून. हिशेब करा : वर्षाला दीड हजार ते अठराशे तास. तुमच्याकडं क्रेडिटची व्याख्या वेगळी असेल, पण तासांचा हिशेब एकदा मांडून बघाच. जास्तीचा एखादा विषय उचलायचा मोह झाला, तर तो इथं नको, सहाव्या-सातव्या सत्रात.

सर्व्हे शिकताना फील्ड बुक स्वतः लिहा. लेव्हलिंगच्या (जमिनीच्या पातळ्या मोजण्याच्या) तक्त्याखाली एक पडताळा असतो. दुर्बिणीतून मागच्या बिंदूवर घेतलेलं वाचन ती बॅकसाइट, पुढच्यावरचं ती फोरसाइट : सगळ्या बॅकसाइटच्या बेरजेतून सगळ्या फोरसाइटची बेरीज वजा केली, की शेवटच्या आणि पहिल्या बिंदूच्या पातळीतला फरक यायला हवा. तो जुळला की मुलं खूश होऊन दुर्बीण पेटीत भरतात. पण त्या पडताळ्यानं फक्त तुमची बेरीज-वजाबाकी तपासली. स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) तिरका धरला होता, १.४५० ऐवजी १.५४० वाचलं होतं, यातलं काहीही त्याला कळत नाही. त्यासाठी ज्या बेंचमार्कवरून (पातळी माहीत असलेल्या खुणेवरून) निघालो तिथं परत यावं लागतं, आणि तिथं किती फरक पडला ते प्रामाणिकपणे लिहावं लागतं. आमच्या कॅम्पमध्ये एका गटाचा फरक शून्य मिलिमीटर आला होता. सरांनी वही न उघडताच त्यांना सगळी लाइन पुन्हा मारायला लावली.

मटेरिअल्सच्या लॅबमध्ये हात मळवून घ्या. ताजं काँक्रीट किती पातळ आहे ते बघायच्या स्लम्प टेस्टचा शंकू ३०० मिलिमीटर उंच, त्यात थराथरानं काँक्रीट भरायचं, १६ मिलिमीटरच्या सळईनं प्रत्येक थराला २५ ठोसे, मग शंकू सरळ वर. ढीग किती खचला ते मोजायचं. आकडा तर कुणीही लिहील. तुम्ही तो ढीग बघा : एकसंध बसला, की एका बाजूला घसरला, की दगड एकीकडं आणि पाणी एकीकडं झालं. साइटवर गाडीतून काँक्रीट उतरताना जो ते बघून ‘पाणी जास्त पडलंय’ म्हणतो, त्याचा डोळा अशाच लॅबमध्ये तयार झालेला असतो. ताकद तपासायला ओतलेला १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब हातात घ्या, साधारण ८ किलो भरेल. त्या वजनाची ओळख पुढं आकडेमोडीत कामाला येते.

पायरी ६ : तिसरं वर्ष. माती आणि डिझाइन

इथं लाल साखळी सगळ्यात ताणलेली असते. अ‍ॅनालिसिस आणि आरसीसी बऱ्याचदा लागोपाठ किंवा एकाच सत्रात येतात. एकाच सत्रात आले, तर मधल्या मोठ्या सुट्टीत अ‍ॅनालिसिसची पहिली तीन प्रकरणं उरकून ठेवा. डिझाइनचा शिक्षक मोमेंट काढायला शिकवणार नाही. तो फळ्यावर मोमेंट लिहूनच सुरुवात करेल.

सॉइल मेकॅनिक्सबद्दल थोडं लांबण लावतो, कारण तो विषय मुलांना सगळ्यात जास्त चकवतो. स्टीलचे गुणधर्म कारखाना लिहून देतो, काँक्रीटचे आपण ठरवतो, माती मात्र जशी आहे तशी घ्यावी लागते. कार्ल टेर्झागीचं मृदायांत्रिकीवरचं मूळ पुस्तक १९२५ सालचं, म्हणजे माणूस हजारो वर्षं पाये घालत आला तरी हे शास्त्र म्हणून उभं राहिलं ते कालपरवा. पिसाचा मनोरा बांधायला ११७३ साली सुरुवात झाली, आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपास तो कलायला लागला. मध्ये लढायांमुळं काम जवळपास शतकभर थांबलं. ते थांबलं म्हणूनच मनोरा वाचला, कारण तेवढ्या काळात खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघालं आणि ती घट्ट झाली. कन्सॉलिडेशनचं प्रकरण म्हणजे हीच गोष्ट, समीकरणांत. ही गोष्ट डोक्यात ठेवून ते प्रकरण वाचा, बराच फरक पडतो. आणि पाण्याच्या साखळीतला डार्सीचा नियम इथं परत भेटेल. १८५६ साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्तानं वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून काढलेला तो नियम आज धरणाखालच्या झिरपण्यालाही लागतो. नेटवर्कमध्ये फ्लुइडकडून सॉइलकडं तुटक बाण काढला होता का? नसेल तर आता काढा.

सॉफ्टवेअर याच वर्षी हातात येतं. माझा नियम एवढाच : संगणकावर फ्रेम चालवण्याआधी त्यातल्या एका बीमचा मोमेंट हातानं, अंदाजानं काढून कोपऱ्यात लिहायचा. उत्तर दीडपट आलं तर ठीक, कारण शोधू. दहापट आलं तर युनिट चुकलंय. काही आकडे तोंडपाठच हवेत : आरसीसीचा घनमीटर सुमारे २५ किलोन्यूटन, स्टीलचा ७८.५, पाण्याचा ९.८१. कॅनडातला क्वेबेक पूल २९ ऑगस्ट १९०७ला बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. गाळा वाढवल्यानंतर पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर नव्यानं केला गेला नव्हता. संगणक असता तरी त्यात वजन कुणीतरी भरायलाच लागलं असतं.

सुट्ट्यांचं काय करायचं

पहिल्या वर्षानंतरची मोठी सुट्टी मोकळी ठेवा, किंवा लाल गोलातलं काही कच्चं राहिलं असेल तर ते पक्कं करा. दुसऱ्या वर्षानंतर साइटवर जा, मिळेल त्या. छोटं बांधकाम असलं तर उत्तमच, कारण मोठ्या साइटवर नवख्याला हेल्मेट देऊन कार्यालयात बसवतात. छोट्या साइटवर पाया खणण्यापासून स्लॅबपर्यंत सगळं एका नजरेत दिसतं.

रोज संध्याकाळी वहीचं एक पान लिहा. ‘आज स्लॅब झाला’ असलं नको. स्लॅबची जाडी किती, सळई किती मिलिमीटरची आणि किती अंतरावर, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) लावले होते का, काँक्रीट किती वाजता सुरू झालं, क्यूब किती भरले, क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) कोण बघणार, शटरिंग (काँक्रीटचा साचा) कधी काढायचं ठरलं. शेजारी चित्र. आणि एक प्रश्न, जो दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना किंवा सुपरवायझरांना विचारायचा. त्यांना अहो-जाहो करा, काम चालू असताना मध्येच टोकू नका, आणि पहिले चार दिवस नुसतं बघा. सळई बांधणारा माणूस लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड) मधोमध का घेत नाही, हे मला पुस्तकाआधी एका फिटरकाकांनी दाखवलं होतं. नंतर बीएमडी पाहिली तेव्हा उलगडलं, की ते मोमेंट जिथं जास्त तिथं जोड टाळत होते.

तिसऱ्या वर्षानंतरची सुट्टी मात्र ठरवून वापरा : जी शाखा आवडतेय असं वाटतं तिच्या डिझाइन ऑफिसात, लॅबमध्ये किंवा प्रकल्पावर. आवड खरी आहे की शिक्षक चांगले होते म्हणून वाटतेय, ते दोन महिन्यांत कळतं.

पायरी ७ : ऐच्छिक विषय

इथं दोन टोकाच्या चुका होतात. एक जण पाचही ऐच्छिक स्ट्रक्चरचे घेतो, दुसरा जो पेपर सोपा तो घेतो. अमेरिकेतली मान्यता देणारी संस्था एबेट हिच्या सिव्हिलच्या निकषांत विद्यार्थ्याला निदान चार शाखांतले प्रश्न सोडवता यायला हवेत अशी अट आहे. ती मोजपट्टी मला पटते. चार शाखांत पाय रोवलेला हवा, आणि एकीत गुडघाभर खोल. म्हणून साधारण तीन ऐच्छिक एका शाखेतले आणि बाकीचे दुसऱ्या दोन शाखांतले, असं मी सांगतो. स्ट्रक्चरवाल्यानं फाउंडेशनचा पुढचा पेपर घ्यावा, पाणीवाल्यानं जीआयएस (संगणकावरच्या नकाशांचा विषय), व्यवस्थापनाकडं जाणाऱ्यानं करार आणि क्वांटिटी (मालाचं मोजमाप).

डायनॅमिक्स, म्हणजे हलत्या-थरथरत्या रचनांचा विषय, ऐच्छिक असेल तर स्ट्रक्चरवाल्यांनी तो टाळू नये. अमेरिकेतला टाकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४०ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात, पिळवटून पडला. उभ्या-आडव्या स्थिर भाराला तो पुरेसा होता. वर्गात बहुतेक वेळा ‘रेझोनन्स’ म्हणून ही गोष्ट संपवतात. प्रत्यक्षात वाऱ्याचा जोर पुलाच्या स्वतःच्याच पिळण्यातून वाढत गेला होता, याला फ्लटर म्हणतात. हा फरक समजायचा तर तो पेपर घ्यावाच लागतो.

ऐच्छिक निवडण्याआधी नेटवर्क उघडा. काही ऐच्छिकांच्या पूर्वअटी पाचव्या सत्रातल्या दुसऱ्याच एखाद्या ऐच्छिकावर टेकलेल्या असतात. तो हुकला की सातव्या सत्रातलं दार बंद.

पायरी ८ : शेवटचं वर्ष आणि प्रकल्प

प्रकल्पाचा विषय निवडताना एकच प्रश्न आधी विचारा : याचा डेटा कुठून येणार? नदीच्या पुरावर काम करायचं तर बऱ्याच वर्षांच्या पावसाच्या आणि प्रवाहाच्या नोंदी लागतात. वाहतुकीवर करायचं तर चौकात उभं राहून गाड्या मोजायला माणसं लागतात. काँक्रीटवर करायचं तर क्यूबची ताकद २८ दिवसांनी कळते, म्हणजे मिश्रण चुकलं हे समजायलाच महिना जातो, आणि पुन्हा करायचं तर अजून एक महिना. दोन फेऱ्या, त्यात लॅबच्या मशिनची पाळी. सत्रात बसतं का, ते मोजून मगच हो म्हणा. ७ दिवसांचे क्यूब फोडून अंदाज घेता येतो, पण अहवालात शेवटी २८चाच आकडा लागतो.

गट चार जणांचा असेल तर मोजणारा, लिहिणारा, आकडेमोड करणारा अशी कायमची वाटणी करू नका. व्हायवाला ती लगेच उघडी पडते. मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं यापेक्षा ते आठवड्यातून एकदा भेटतात का, हे वरच्या वर्गाला विचारा.

याच वर्षी पुढचं ठरतं : नोकरी, मास्टर्स की परवान्याची वाट. परवान्याकडं जायचं असेल तर अनुभवाच्या नोंदी कशा ठेवायच्या आणि कुणाच्या सहीनं, ते पदवी हातात पडायच्या आधीच वाचून ठेवा. नंतर मागच्या दोन वर्षांच्या सह्या गोळा करत फिरणं फार कटकटीचं होतं.

आराखडा कोलमडला तर

कोलमडतोच, कुठं ना कुठं. आजारपण येतं, एखादा पेपर जातो, एखादा विषय त्या वर्षी शिकवलाच जात नाही. तेव्हा आधी शीट काढा आणि राहिलेल्या चौकोनाखालचा आकडा बघा. फ्लोट आहे? मग त्याला पुढच्या हलक्या सत्रात सरकवा आणि विसरून जा. फ्लोट शून्य आहे? मग त्याच दिवशी विभागप्रमुखांना भेटा. सुट्टीतलं सत्र, पुनर्परीक्षा, दुसऱ्या विभागात शिकवला जाणारा समकक्ष पेपर, पूर्वअटीतून सूट, असे रस्ते असतात, पण त्यांच्या मुदती निकालानंतर थोड्याच दिवसांत संपतात. मी तीन आठवडे तोंड लपवत फिरलो आणि समकक्ष पेपरची मुदत तेवढ्यात निघून गेली. सर म्हणाले, ‘अरे, निकालाच्या दिवशीच आला असतास तर.’

शीट पेन्सिलनंच काढा. प्रत्येक सत्राचा निकाल लागला की झालेले चौकोन गडद करायचे, सरकलेले खोडून नव्या रकान्यात काढायचे, आणि फ्लोटचे आकडे शेवटाकडून मागं येत पुन्हा मोजायचे. वीस मिनिटांचं काम आहे. माझी शीट आठव्या सत्रापर्यंत इतकी खोडरबरानं घासली गेली होती, की तिसऱ्या रकान्यात तिला भोक पडलं होतं.